दोन कार्बोरेटर आणि एक वरात

१२ जानेवारी, रविवार

स्वयंपाकघरात इंजिनाचा तुकडा! ओट्यावर, कणकेच्या डब्याशेजारी, पेपर अंथरून ठेवलेला. खुशालरावांनी तो माझ्या घासणीने घासला, माझ्या साबणाने धुतला, आणि पुसायला माझाच नॅपकिन घेतला. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने एक वाटी विसळलेली मी पाहिली नाही.

"मॅनिफोल्ड आहे," म्हणाले. "भंगारातून आणलं, जुनं जपून ठेवलं. इथूनच तर गाडी श्वास घेते."

गाडी म्हणजे सासऱ्यांची अँबेसेडर, १९६४ची. मला समजावून सांगितलं, जसं मी सभेत पहिल्या रांगेतल्या झोपाळू पुढाऱ्याला सांगते. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळतं. ते मिश्रण या फाटे फुटलेल्या नळीतून इंजिनात जातं. आतापर्यंत नळीला एक तोंड होतं, वर एक लहान कार्बोरेटर. आता दोन तोंडं, मोठी. वर दोन कार्बोरेटर, तेही मोठे.

कशासाठी?

"पळवाले."

बँकेतल्या एका खुर्चीवरून निवृत्त झालेला माणूस. बढती नको, बदली नको, म्हणून ज्याने हयात काढली, त्याला आता वेग हवा आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाला पेट्रोलचा वास. शेजारणीने खाल्ला आणि गोड बोलली, हे तिचं मोठेपण.

१९ जानेवारी, रविवार

व्याही आले अकोल्याहून. देवीदासराव. ललितचे वडील, ललितलाही घेऊन.

आमच्या आकांक्षाचं ललितशी लग्न ठरलं तेव्हा माझ्या अटी स्पष्ट होत्या. मुहूर्त नाही, भटजी नाही, मानपान नाही, वरात नाही. दोघांनी चार लोकांसमोर शपथ घ्यायची. लग्नातल्या उधळपट्टीवर मी गावोगाव बोलत आले. माझ्या दारात बँड वाजला तर उद्या कोणत्या तोंडाने माइक धरू? देवीदासरावांनी तेव्हा मान डोलावली होती. आता कळलं, ती मान नुसती सैल बसवलेली होती.

"ताई, तुमचं भाषण मी मोबाइलवर तीन डाव पाह्यलं. पटलं. पण आमच्याकडचे लोक का म्हनतीन? पोरगं जानोशावरून मांडवात का पायी येईन?"

"चालता येतं ना त्याला?"

"येते ना. पन नवरदेव आहे तो. घोडं नका करू. बँड तरी असू द्या. एक तास फक्त."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे महाशय: "घोडं कायले? आपली गाडी आहे ना!"

झालं. घोड्यावर तोड निघाली म्हणून दोघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. मला कुणी विचारलं नाही. ललित बुटांकडे पाहत होता. त्याला वडिलांपुढे बोलता येत नाही. आकांक्षा माझ्याकडे पाहत होती. मी चहाचे कप उचलून आत गेले. घरी भांडण नको, एवढाच विचार केला. हजार माणसांसमोर माझी जीभ अडखळत नाही. आपल्याच दिवाणखान्यात मात्र कप उचलावेसे वाटले.

२३ जानेवारी

बडनेरा रोडवर अब्दुल गफ्फारच्या गॅरेजमध्ये गेले. खुशालरावांचा डबा द्यायला. हो, आता डबाही जातो.

गफ्फार म्हणजे बोलण्यात माझा बाप. "भाभी, साठ साल से बेचारी का दम घुट रहा था. आता पाहा तुमी, नागपूरवाल्याले धूळ चारते का नाही." हातात ग्राइंडर, नळीच्या आतून धातूच्या ठिणग्या. दुसऱ्या तोंडासाठी वेल्डिंग करून झालं आहे. आतला खडबडीतपणा घासून गुळगुळीत करायचा, म्हणजे हवा कुठे अडणार नाही. खुशालराव बोट घालून पाहत होते. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर, आणि बाप नळीत बोट घालून बसलेला.

या गाडीचा इतिहास कुणी लिहिला तर एका पानात संपेल. सासऱ्यांच्या काळापासून हिने केलं काय? नवरदेव वाहिले. भावकीतले, गल्लीतले, नवऱ्याच्या बँकेतले. बँडच्या मागे, नाचणाऱ्यांच्या मागे, मुंगीच्या पायाने. तिसरा गिअर हिने क्वचितच पाहिला असेल.

२८ जानेवारी

वाचायची खोड वाईट. खुशालरावांनी आणलेलं इंजिनाचं जाड पुस्तक घेऊन बसले. निम्मं वाचलं आणि हसत सुटले.

कार्बोरेटर मोठा, नळी मोठी, तर गाडी वेगात भरपूर हवा ओढते. छान. पण इंजिन हळू फिरत असेल तर त्या रुंद नळीत हवा रेंगाळते. पेट्रोल नीट मिसळत नाही, थेंब होऊन पडतं, प्लग ओले होतात. गाडी आचके देते आणि बंद पडते.

म्हणजे या दोन विद्वानांनी वरातीची गाडी वरातीसाठीच निकामी केली.

खात्री करायला गफ्फारकडे गेले. खुशालराव नव्हते. विचारलं, "माणसाच्या चालीने ही तासभर चालेल का?"

"भाभी, शेर को बकरी की चाल चलाओगे? झटके खाईन. बंद पडन. पन ऐंशीवर पाहा मंग!"

वरातीचं त्याच्या डोक्यातच नाही. मी आठवण दिली नाही. "असू द्या," म्हटलं आणि घरी आले.

गाडी बंद पडेल. बँड पुढे निघून जाईल. देवीदासराव भर रस्त्यात धक्का मारतील, आणि नवरदेव पायी येईल, माझ्या मूळ अटीप्रमाणे. मला एक शब्द बोलावा लागणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

गाडी फिरवून आणली खुशालराव आणि गफ्फारने. नांदगावपर्यंत. परत आले ते कॉलेजातल्या पोरांसारखे, केस उभे. "शंभर टच केला!" जेवताना खुशालराव मधेच म्हणाले, "तुले काई सांगायचं आहे का?"

म्हटलं, वरणात मीठ कमी आहे का ते सांगा.

८ फेब्रुवारी

आकांक्षा रात्रीची भांडी लावता लावता: "आई, वरातीचं तुला खरंच चालेल ना?"

"ठरलं ते ठरलं."

"तू अशी कधीपासून झालीस?"

मुलीच्या लग्नासाठी आई थोडी वाकते, असं काहीतरी म्हटलं. तिने पातेलं जरा जोरात ठेवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोर्शीला भाषण. उद्या मुलीचं लग्न आणि आज भाषण, म्हणून आयोजकांनी माझं कौतुक केलं. विषय, लग्नातली उधळपट्टी. टाळ्या भरपूर. बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाडी बंद पडली नाही.

मी मांडवाच्या दारात उभी होते. झेंडूच्या माळा घातलेलं ते धूड बँडमागे तासभर सरकत होतं, शिवणयंत्रासारखा आवाज करत. आचका नाही, खोकला नाही. देवीदासराव पुढे रुमाल फिरवत नाचले. खुशालराव स्टिअरिंगवर, फेटा बांधून. माझ्यासमोरून गाडी गेली तेव्हा त्यांनी सरळ पुढे पाहिलं.

शपथ दोघांनी छान म्हटली. आकांक्षाचा आवाज माझ्यावर गेला आहे, असं सगळे म्हणाले.

पुस्तकात काही चुकलं असावं.

१८ फेब्रुवारी

आकांक्षाचा अकोल्याहून फोन. "आई, तू वाचलंस ते पुस्तक बरोबर आहे. शनिवारी तू मोर्शीला होतीस तेव्हा जुनं मॅनिफोल्ड आणि जुना कार्बोरेटर मी परत बसवून घेतला. गाडी बंद पडली असती तर लोक देवीदासरावांना नाही, बाबांना हसले असते. आणि वरात मला तरी कुठे हवी होती? तू एकदा नाही म्हणाली असतीस, तर मी ललितच्या बाबांसमोर तुझ्या बाजूने उभी राहिले असते."

विचारलं, तुझ्या बाबांना माहीत आहे का हे.

"तू विचारून गेलीस, त्याच संध्याकाळी गफ्फारचाचांनी त्यांना सांगितलं. मी म्हणत होते, आत्ताच बदला. बाबा शुक्रवारपर्यंत हात लावू देईनात. म्हणायचे, थांब, तुही आई सांगन मले."