रुमालाचे तंतू

तीर्थरूप बाबा,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, हे आईलाही सांगा.

औषध आत घेऊन शरीरात फिरतील असे चरबीचे अतिसूक्ष्म कण मी बनवते, हे तुम्हाला माहीत आहेच. ते केवढे होतील याचं गणित आधी मांडायचं आणि मग काचेच्या डबीत प्रकाश सोडून मोजायचं. तीन आठवडे दोन्हींचा मेळ बसेना. मोजताना कण भलतेच मोठे दिसत. सर म्हणाले, "गणित चुकलंय, नव्याने मांड." मी म्हटलं, गणित बरोबर आहे. शेवटी मुलगी कुणाची? घड्याळजीची!

काल चूक सापडली. धुतलेली डबी मी आतून रुमालाने पुसत होते. त्याचे तंतू आत राहत आणि प्रकाश त्यांच्यावरच विखुरत होता. उघड्या घड्याळाला तुम्ही मला कधी फडकं लावू दिलं नाहीत, आणि मी एवढी शिकून तेच केलं. डबी नुसती वाळवली, तर आकडे तंतोतंत जुळले. सरांनी स्वतःहून चहा पाजला.

आता तुमचं. मोतीबिंदू अजून पिकला नाही, असं तुम्ही लिहिलंत खरं, पण पत्रातल्या ओळी उताराला लागल्या होत्या. डोळ्यातही हेच होतं, बाबा. भिंगात गुठळ्या धरतात आणि प्रकाश विखुरतो. मोतीबिंदू काही घड्याळातल्या धुळीसारखा फुंकर घालून जायचा नाही. ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे ढकललीत का?

हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय. पुढचं नेहमीसारखं बारीक लिहीन, आणि ते आईने वाचून दाखवायचं नाही.

तुमची,
धाकटी