पाच नंबरची गादी

४ फेब्रुवारी

आले एकदाचे! दोन ट्रक, एक जनरेटर आणि ही एवढी माणसं. त्यातली निम्मी नुसती उभी.

वहिनींच्या चिरंजीवांनी आपलं हॉटेल मालिकेला भाड्याने दिलं, ते आजपासून. माझा एकुलता एक भाचा, म्हणून मी बोलत नाही. मालिका भुताची. हॉटेल झपाटलेलं असतं, आलेला पाहुणा परत जात नाही, अशी गोष्ट! दादा जन्मभर दारात उभा राहून म्हणायचा, "पुन्हा या हं." त्याच दारावर आज त्यांनी लाल रंगाचा हात उमटवला. धुतला की जातो म्हणे. बघू.

एक माणूस पिचकारीने कोळ्यांची जाळी मारत होता. मी काठीला फडकं बांधून याच छताची जाळी काढण्यात आयुष्य घालवलं. याला जाळी लावायला ठेवलाय! म्हटलं, "अहो, दादा गेल्यापासून बंद आहे हॉटेल. गच्चीवरच्या खोलीत हवी तेवढी खरी जाळी आहेत." तर म्हणतो, "काकू, खरी कॅमेऱ्यात दिसत नाहीत."

तेही खरंच. खरं काहीच दिसत नसावं त्यात.

६ फेब्रुवारी

आज गोष्ट कळली. भूत म्हणजे या हॉटेलात खोल्या आवरणारी बाई. मालकाने तिला मारलं. आता ती पांढरा झगा घालून रात्री खोल्यांतून फिरते आणि जाईल तिथे गाद्या विस्कटते, उशा फाडते, पडदे ओरबाडते.

खोल्या आवरणारी बाई! मेल्यावर माणसाची सवय इतकी सुटते का? मी गेले तर भूत होऊन पहिल्यांदा काय करीन, तर पडदे धुवायला काढीन.

आणि मालक खुनी! दादासारखा मालक? बाथरूममध्ये साबण ठेवायला विसरला, तर स्वतः पाहुण्याची माफी मागायचा. दिग्दर्शकांना (सदैव डोक्यावर टोपी, मी त्यांना टोपीवाले म्हणते) सांगायला गेले. हसले. "काकू, हे सगळं काल्पनिक आहे."

मग पाटीवर आमच्या हॉटेलचं नाव तसंच का ठेवलंय, ते नाही सांगितलं.

७ फेब्रुवारी

सकाळी फेरी मारली. पाच नंबरात कोणीतरी लोळून गादी तशीच टाकून गेलं होतं. काय ही माणसं! जुन्या जुडग्यातली किल्ली अजून लागते. गादी घातली, चादर चारी बाजूंनी खोचली, पांघरुणाचा कोपरा दुमडला. हात विसरले नाहीत. फार बरं वाटलं.

८ फेब्रुवारी

सेटवर कसला तरी आरडाओरडा. नायिकाबाई रडत खाली आल्या. विचारलं तर कोणी धड बोलेना.

पाच नंबर पुन्हा विस्कटलेलं. घातलं.

१० फेब्रुवारी

अरे देवा! ती गादी विस्कटलेलीच हवी होती. भुताने विस्कटलेली! तोच प्रसंग चार दिवस तुकड्या-तुकड्याने घेतायत. संध्याकाळी खोलीला आपलं कुलूप लावून जातात आणि सकाळी उघडतात, तर आत पलंग टापटीप! शेजारच्या खोलीतून पाच नंबरात जायचं आतलं दार त्यांनी पडद्यामागे झाकलंय, ते मी माझ्या किल्लीने उघडते हे त्यांना कुठे ठाऊक. मेकअपवाला म्हणे गळ्यात ताईत घालून आला.

म्हणजे भूत मीच!

इतकी हसले की ठसका लागला. वहिनी आतून ओरडल्या, "वन्सं, पाणी प्या!" सांगणार होते त्यांना. मग नाही सांगितलं. वहिनींना यात काय गंमत वाटणार? त्यांनी या हॉटेलात कधी चादरीला हात लावला नाही.

नाही, लावला होता. लग्न होऊन नव्या आल्या होत्या तेव्हा. मीच शिकवत होते. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात मोठ्या सिस्टरांनी मला शिकवलं, तसंच: पायथ्याचा कोपरा पाकिटासारखा, आणि पांघरुणाचं टोक दुमडायचं ते उजवीकडे. पाहुणा उजवीकडून पलंगावर चढतो. सिस्टर म्हणायच्या, गादी बघून मुलीचं मन कळतं. वहिनी डावऱ्या. त्यांचं टोक सारखं डावीकडे दुमडलं जायचं. मी पुन्हा घालायला लावली. पुन्हा. पुन्हा. शेवटी उशी ठेवून म्हणाल्या, "वन्सं, तुमच्या चादरी तुम्हाला लखलाभ!" त्या गल्ल्यावर जाऊन बसल्या, त्या शेवटपर्यंत तिथेच.

काय सुंदर होती तेव्हा ही वास्तू! जिन्याच्या कठड्याला मेणाचा वास यायचा. सकाळी सगळ्या खोल्यांच्या खिडक्या मी एका दमात उघडत जायची. खालून दादा म्हणायचा, "उठलं आमचं हॉटेल!"

११ फेब्रुवारी

मालिका रोज संध्याकाळी दाखवतात. वहिनी न चुकता बघतात. स्वयंपाकघरामागच्या या दोन खोल्यांत टीव्हीपासून पळायला जागा कुठे? म्हणून मीही बघते.

दिवे लुकलुकले. दादाच्या वेळी एक दिवा लुकलुकला असता तर वायरमन जेवण सोडून आला असता! दार कुरकुरलं. आमचं दार कधी कुरकुरलं नाही, दर महिन्याला तेल घालत होते मी. बिजागरीतलं तेल त्यांनी चिंधीने पुसून काढलं, तरी कुरकुरेना, मग आवाज मशीनमधून घातला. नायिकाबाई "कोण आहे?" असं सहा वेळा म्हणाल्या. जाऊन बघायचं मात्र नाव नाही!

वहिनी मात्र टक लावून. "आपला जिना बघा, वन्सं. किती छान दिसतो." आणि डोळे पुसले. भुताच्या मालिकेत रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

१३ फेब्रुवारी

आज गंमत संपली.

चष्मेवाली बाई आहे एक. कालचा प्रसंग आणि आजचा प्रसंग जुळतो की नाही, हे फोटो काढून बघायचं तिचं काम. दोन मुलांची आई. गादीचं खापर तिच्यावर फुटलं. टोपीवाले सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं लक्ष कुठे असतं? जमत नसेल तर घरी बसा!" बिचारी जिन्याखाली उभी राहून नाक पुसत होती.

मी तडक गेले.

"गादी मी घातली."

टोपीवाल्यांनी टोपी मागे सारली. मग मऊ आवाजात म्हणाले, "काकू, तुम्ही फार चांगल्या आहात. तिला वाचवायला बघताय."

"अहो, माझ्याकडे किल्ली आहे! आतलं दार आहे!"

"काकू, या वयात तुम्ही अंधारात जिना चढून येता, गादी घालता?"

"अंधारात कशाला? सकाळी सातला. आंघोळ झाली की."

सगळे हसले. कोणी विश्वास ठेवला तर शपथ! त्यांना आता भूतच हवंय. चॅनलकडून म्हणे फोन आला: सेटवर खरोखरच काहीतरी आहे, ही बातमी छान चालली आहे. चष्मेवालीची नोकरी वाचली, ती भुतामुळे. माझ्या खरेपणाचा उपयोग शून्य.

१५ फेब्रुवारी

चिरंजीव आले. फळांची पिशवी घेऊन. तेव्हाच समजले, काहीतरी आहे.

हॉटेल विकायचंय. पार्टी तयार आहे. पाडून तिथे गाड्या ठेवायच्या इमारती बांधणार. माणसांना राहायला नाही, गाड्यांना! मी म्हटलं, "भाडं येतंय त्यातून छप्पर करू, खालच्या खोल्या उघडू, असं ठरलं होतं ना?"

"आत्या, असं तू ठरवलं होतंस."

वहिनी त्याच्याकडे राहायला जाणार. "आईसाठी हॉलमध्ये छान दिवाण केलाय." आणि माझ्यासाठी एक ठिकाण बघितलंय. बाग आहे, रोज डॉक्टर येतो, बायका पत्ते खेळतात. मला पत्ते येत नाहीत म्हटलं. "शिकशील गं."

मी आणि वहिनी, दोघींच्या सह्या लागतात. मी म्हटलं, "मी करणार नाही." तो आईकडे वळला. वहिनी शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू म्हणशील तिथे सही करीन मी."

एवढंच. दादाचं हॉटेल, आणि एवढंच!

मग मुद्द्याची गोष्ट काढली. पार्टी बिचकली आहे. पार्टीच्या बायकोने मालिका बघितली, वर ती सेटवरची बातमी वाचली. म्हणते, खरंच काही असलं तर जागेवर पैसा घालायचा नाही. चिरंजीव माझ्याकडे बघून म्हणाले, "आत्या, गाद्या तू घालतेस ना?" जगात एकट्या त्यानेच ओळखलं! लहानपणी त्याचीही गादी मीच घालायची.

"हो. मीच."

"मग किल्ल्या दे."

मी वहिनींकडे बघितलं. वाटलं, एक शब्द तरी बोलतील. बोलल्या. "द्या हो, वन्सं. कशाला आता या वयात?"

कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. कंबर एकदम हलकी झाली. वाईट हलकी.

१७ फेब्रुवारी

दिवसभर काही केलं नाही. मालिकेत भुताने चार उशा फाडल्या. फाड बाई.

१८ फेब्रुवारी

शेवटी मीही सही करीन का? कदाचित. एकटीने किती दिवस नाही म्हणायचं? वहिनींचं मी काय वाईट केलं? इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलो. त्यांना गल्ल्यापलीकडचं हॉटेल कधी दिसलंच नसेल.

१९ फेब्रुवारी

पाच नंबरची गादी घातलेली!

मी नाही. माझ्याकडे किल्ली नाही. सकाळी मी आमच्या खोलीत केस विंचरत होते आणि वरून किंकाळी आली. मेकअपवाला सामान घेऊन गेला, तो गेलाच. कुलूप होतं तसं. आतल्या दारालाही आता चिरंजीवांनी हॉटेलचंच एक जुनं कुलूप घातलंय.

चिरंजीवांचा फोन. "आत्या!"

"मी नाही रे."

"आत्या, खरं सांग."

"अरे, तुझ्या आईला विचार, मी सकाळपासून तिच्यासमोर बसले आहे!"

वहिनींनी फोन घेतला. "हो रे. वन्सं इथेच होत्या. मी तेवढी दूध बघायला बाहेर गेले होते." खरं बोलल्या, आभार.

मनातल्या मनात खूप हसायला हवं होतं. हसू आलं नाही. अंगावर काटा आला. मी, जी रोज या भुताची टिंगल करते! दादा जाताना म्हणाला होता, "खोल्यांकडे बघ हं." म्हणून वाटलं क्षणभर— जाऊ दे. दादाला गादी घालता यायची नाही. पलंगावर चादर नुसती फेकायचा.

टोपीवाल्यांचंच काम असणार. बातमी छान चालते ना!

२१ फेब्रुवारी

काल सात नंबर. आज पुन्हा पाच. टोपीवाले स्वतःच पांढरेफटक पडलेत, तेव्हा त्यांचं काम नव्हे. नायिकाबाई म्हणतात, बाहेर मांडव घालून खोली उभारा, मी आत पाऊल टाकणार नाही. ही बाई रोज पडद्यावर अंधाऱ्या तळघरात एकटी उतरते!

चिरंजीवांचा फोन. उद्या पार्टी बायकोला घेऊन स्वतः येणार, सगळ्या खोल्या बघणार. समाधान झालं तर परवा सह्या. "आत्या, उद्या एकही चादर जागची हलता कामा नये. ऐकतेस ना? आईलाही सांग."

सांगितलं. "बरं," म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी, दुपारनंतर

चित्रीकरणाची मंडळी जेवायला गेली होती. पाच नंबरचं दार उघडंच. आत गेले. पायथ्याचे कोपरे अगदी पाकिटासारखे. सिस्टरांच्या बोर्डिंगबाहेर ही घडी मी एकाच व्यक्तीला शिकवली.

पांघरुणाचं टोक डावीकडे दुमडलेलं.

खाली आले. दादाच्या फोटोखालच्या खिळ्यावर त्याचा, हॉटेलच्या सगळ्या कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्यांचा जुडगा असतो, तो नव्हता. वहिनी डाव्या हाताने काकडी चिरत होत्या. टीव्ही चालू, आवाज बंद. पडद्यावर आपला जिना.

म्हटलं, "वहिनी, उद्या सकाळी पार्टी यायच्या आधी तुम्ही वरचा मजला घ्या. मी खालचा घेते."

सुरी थांबली. मग पदराआडून जुडगा काढून माझ्यापुढे ठेवला.

"वरचा तुम्ही घ्या. माझे गुडघे दुखतात," म्हणाल्या. "आणि वन्सं, माझी घडी पुन्हा घालायची नाही."