अठ्ठेचाळीस किलोंचा सराव

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा (जो गेल्या सात महिन्यांत मापानेही धाकटा झाला आहे) साष्टांग नमस्कार. तुझी पाठ व दाजींचा रक्तदाब आटोक्यात असावेत. इकडे आईची प्रकृती ठीक. माझ्या प्रकृतीविषयी निश्चित विधान करण्याच्या स्थितीत मी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

साखर व वजन कमी करण्यासाठी आठवड्याला एक इंजेक्शन, याप्रमाणे माझे एकोणीस किलो वजन उतरले. साखर सुधारली, घोरणे थांबले (हे सौ.चे मत, त्या वेळी मी झोपेत असल्याने साक्ष देऊ शकत नाही). मात्र गेल्या महिन्यात, रोजच्याप्रमाणे आईला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवताना माझे हात थरथरले. ती पडली नाही. पण मी तिला ठेवले नाही, टेकवले, आणि या दोहोंतला फरक तिला कळला. ‘पडले असते की रे,’ एवढेच म्हणाली.

डॉक्टरांनी खुलासा केला की उतरलेल्या वजनात चरबीसोबत थोडे स्नायूही जातात, आणि हाडांकडेही लक्ष ठेवावे लागते. हे ते अशा सहजतेने बोलले, जणू धुलाईत एखादे बटण गेले असावे. उपाय दोन: प्रत्येक जेवणात पुरेशी प्रथिने, आणि आठवड्यातून तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम, हलक्यापासून सुरुवात करून. भूक इंजेक्शनने पळवलेली असल्यामुळे दोन अंडी संपवण्यास मला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ सौ. कमरेवर हात ठेवून परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी समोर उभी असते.

व्यायामाबाबत मात्र माझी विचारसरणी समजून घे. मला जगातले कोणतेही वजन उचलायचे नाही. आईला उचलायचे आहे. आई अठ्ठेचाळीस किलो आहे, आणि ती थोडी थोडी उचलता येत नाही. म्हणून मी रविवारी जुन्या वर्तमानपत्रांचे बरोबर अठ्ठेचाळीस किलोंचे पोते भरले (प्रथम सातशे ग्रॅम जास्त झाले, काही पुरवण्या काढल्या), बैठकीच्या खोलीत खुर्चीवर ठेवले आणि पकड खरी वाटावी म्हणून त्यावर आईची शाल पांघरली. वाकलो, आणि सवयीने तोंडून गेले, ‘आई, मानेला घट्ट धर.’ आतल्या खोलीतून आवाज आला, ‘धरते, पण आधी इकडे तर ये!’ मी दचकलो. पुढच्या क्षणी मी खाली होतो आणि पोते माझ्यावर. सौ. धावत येऊन म्हणाली, ‘हलू नका!’ (सूचना अनावश्यक होती.)

तपासणीत हाड मोडलेले नाही, परंतु हाडांची घनता वयाच्या मानाने किंचित कमी निघाली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘हलक्यापासून’ हा शब्द पुन्हा लिहून खाली दोन रेघा ओढल्या. सध्या मी पाण्याच्या दोन बाटल्या उचलतो. पूर्वीची ताकद येण्यास तीन-चार महिने लागतील. तोवर आईला पायांकडून सौ. धरते, तिचेही मनगट दुखू लागले आहे.

लोभ आहेच, तो वजनासोबत उतरलेला नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. १: वरील मजकूर केवळ माहितीस्तव. मूळ मुद्दा असा की तू तीन महिने इकडे येशील का? सकाळी आईला दुसऱ्या बाजूने धरायला. ताई, मला फार भीती वाटते. हे वाक्य याहून व्यवस्थित लिहिता आले नाही.

ता. क. २: पाठवण्यापूर्वी पत्र आईला वाचून दाखवले. तिने एक पुरवणी सांगितली, ती शब्दशः देतो: ‘मला उचलायला म्हणून येऊ नकोस. याचे हात कापले ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी याच्याआधी उठते आणि आपली आपण पलंगाच्या कडेला पाय सोडून बसते. याची चाहूल लागली की परत आडवी होते. नाहीतर याला वाटायचं, आई आता माझ्या हातांना भ्यायली. आणि हे असंच्या असं लिही रे, गाळू नकोस. तू मात्र ये, बाई.’

गाळलेले नाही. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात ‘ये’ हा शब्द समान आहे, याची कृपया नोंद घ्यावी.