मोरपंखीखालची राख

वडगाव रासाई, मंगळवार, फेब्रुवारी २००६

आजही शेतातल्या मोरपंखीला पाणी घातलं. अजून गुडघ्याएवढीच आहे. आबा, माझे वडील, गेले तेव्हा त्यांची राख नदीत नको, शेतात पुरून वर झाड लावू, हा हट्ट माझाच. यवतच्या नर्सरीतून घाईत रोप आणलं, ते ठेंगण्या जातीचं निघालं. सहा फुटी माणसाच्या नावानं गुडघ्याएवढं झाड! भावकी हसते. तरी रोज बादलीभर पाणी घालतो, आबांना दिवसभराचं सांगतो.

आई तिकडं फिरकत नाही. संध्याकाळी नदीकाठी पाणकणसाच्या उंच गवतापाशी बसते, आत वटवट्या पक्षी ओरडत असतो. आबांसारखाच, एकदा सुरू झाला की थांबत नाही. झाड दिसतं पण बोलत नाही, हा बोलतो पण दिसत नाही. आई त्याच्याशी बोलत बसते. आज मी चिडलोच. म्हटलं, "त्या पाखरात काय आहे? आबा झाडाखाली आहेत."

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तिथं चुलीतली राख हाय रं. त्यांची मी सावडलं त्याच दिशी हितं सोडली. जलम नदीवर गेला त्यांचा, खड्ड्यात कशी घालू?"

मग इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होतो? पाणकणसात तो ओरडतच होता, आणि मला प्रथमच तिथं थांबवेना.

उद्या पाणी घालू का? चुलीच्या राखेवरचं झाड, कशाला घालायचं? पण नाही घातलं तर ते वाळेल. आणि आबा माझ्या हातून दुसऱ्यांदा जातील.