आमचा संघ पूर्वेकडे आला

सिअ‍ॅटल, मार्च १९७९

लाडके मम्मा,

आधी सांगतो, गुडघा बरा आहे. खेळून झालं की बर्फ लावतो, एवढंच.

आमची जुनी बास्केटबॉल लीग बुडाली तेव्हा मोठ्या लीगनं आमचा संघ घेतला, पण टाकला पश्चिम विभागात. तेव्हापासून मी तुझ्यापासून इतका लांब खेळतोय. काल इथं सामन्याला येताना बसमध्ये कोच मॅकार्डल उभे राहून म्हणाले, "पोरांनो, पुढच्या हंगामापासून आपण पूर्व विभागात!"

मी भीतभीत विचारलं, "मीपण?"

"मग काय म्हाताऱ्या, तुझ्या जागी तुझ्या आईला उतरवू?"

सगळे हसले. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

आजवर तुझ्या फिलाडेल्फियाला खेळायला वर्षाकाठी एकदाच यायचो, आणि नेमकी तेव्हा तू इस्पितळात असायचीस. आता तिथला संघ आमच्याच विभागात, म्हणजे पुष्कळदा येईन. दम लागतो का अजून? पर्लीनताई औषधं वेळेवर देते ना? टॅक्सीनं मैदानापर्यंत यायला डॉक्टर नाही म्हणणार नाहीत, विचारून ठेव.

तू अगदी पुढच्या रांगेत बस. माझा चेंडू हुकला तर नाव घेऊन खुशाल ओरड. मला ते ऐकायचंय.

दारातून वाकून येणारा तुझा पोरगा,
ल्यूशस