करपलेल्या कोबीचा कायमचा निकाल लावण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंद्याने प्लंबर आणि आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. पोटाबद्दल मात्र मी हमी देत नाही, कारण शेजारी गॅसवर उद्याच्या नाताळच्या जेवणाचा कोबी करपतो आहे आणि त्या वासाने मला मळमळते आहे. कोणाच्या धाकाने किंवा कोणी भरीस घातले म्हणून मी हे लिहीत नाही. माझी थोरली बहीण, जिला यापुढे ताई म्हटले आहे, तिच्याही धाकाने नाही. असे आयुष्यात पहिल्यांदाच घडते आहे.

माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. मागे एक मुलगा, एक सून आणि माझ्याबरोबर राहणारी ही ताई. मुलगा आणि सून चार वर्षे या घराची पायरी चढलेली नाहीत. ती परत यावीत, निदान माझ्या मागे तरी, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. बाकी माझ्याजवळ मृत्युपत्र करण्यासारखे फारसे नाही.

कलम १. माझी सगळी हत्यारे, म्हणजे पाने, करवती, पाइप साफ करायच्या तारा आणि रबरी पंप, माझ्या जुन्या भागीदाराला द्यावीत. अर्धी तशीही त्याच्याकडेच आहेत. मागून नेलेली वस्तू परत करायची असते हे त्याला अडतीस वर्षांत शिकवता आले नाही, तेव्हा आता तो नाद मी सोडतो.

कलम २. या कलमाने कोणाला काही मिळत नाही, पण ते लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही. सव्वीस डिसेंबर हा आमच्या धंद्यातला सुगीचा दिवस. नाताळचे जेवण झाले की दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाच्या मोऱ्या तुंबतात. भाजलेले मांस सगळ्यांकडे सारखेच असते. घराणे कळते ते तोंडीलावण्यांवरून. मी सिंकखाली आडवा पडलेला असताना घरच्या बायका वरून घराण्याचा इतिहास सांगत असतात, त्यामुळे मला सगळी मुळे ठाऊक आहेत. ज्या घरात आजोबा शिक्षक होते तिथे गाजराचे तुकडे पट्टीने आखल्यासारखे. ज्या घराने कधीकाळी उपासमार काढली तिथे चार तऱ्हेचे बटाटे. एका भाजीवाल्याच्या नातवंडांकडे दर वर्षी बीट असते, कारण आजोबांच्या दुकानात ते कधी खपत नसे आणि घरच्यांनाच संपवावे लागे. आता ती मंडळी चांगल्या नोकऱ्यांत आहेत, तरी बीट सुटलेले नाही.

आणि हे सगळे मी पाइपातून उपसले आहे. चरबीच्या पांढऱ्या थरात रुतलेले, फुगलेले, आंबलेले, वर केसांचे गुंतवळ. घराण्याचा पदार्थ सगळे करतात, वाढतात, वाखाणतात आणि पाहुण्यांची पाठ वळली की मोरीत लोटतात. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मला सात वर्षे सांगितले की त्यांच्या आजीच्या पद्धतीचे सलगमाचे भरीत चाटूनपुसून संपते. मी दर वर्षी ते बादलीभर काढून त्यांच्यासमोर ठेवले. त्या दर वर्षी म्हणाल्या, हे खालच्या बिऱ्हाडाचे असेल. पाणी खालून वर चढत नाही, हे माझ्या मागे कोणीतरी त्यांना समजावून सांगावे.

कलम ३. बँकेत जे असेल ते मुलाचे. भांडण्याइतके नाही.

कलम ४. माझ्या पत्नीचे पांढरे खोल भांडे सुनेला द्यावे. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला पत्नीने त्यात दुधात शिजवलेले बटाटे केले होते. तिच्या माहेरी गाय होती आणि दुसरे काही नव्हते, म्हणून त्यांच्याकडे नाताळ म्हणजे दुधातले बटाटे. ताईने ते भांडे टेबलाच्या पार कडेला सरकवले आणि मधोमध आईच्या पद्धतीचा कोबी ठेवला. आमच्या घराण्याचा कोबी तळाला लागलेला असतो. पातेल्याच्या बुडाशी काळा थर धरेपर्यंत तो हलवायचा नाही, मग तो थर खरवडून वर पसरायचा. चव जळक्या चिंधीसारखी. त्या दिवशी बटाट्यांना कोणी हात लावला नाही. मीही लावला नाही. पुढच्या वर्षी पत्नीने बटाटे केले नाहीत, कोबी करपवायला शिकली आणि मरेपर्यंत करपवत राहिली. ताई मागे उभी राहून सांगायची, अजून दोन मिनिटं, वास नीट सुटू दे. मला ते आठवले की स्वतःचीच किळस येते.

कलम ५. माझी सून रुग्णालयात एक्स-रे काढण्याचे काम करते. ती अनाथालयात वाढली. तिथे नाताळला कोणीतरी देणगी म्हणून वाटाण्याचे डबे पाठवायचे. डबे गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, फोडायचे, वर चिमूटभर मीठ. प्रत्येकाला एक पळी. मुले एकेक वाटाणा खायची, म्हणजे पुरतो. हे तिने मला भांडी पुसताना सांगितले होते.

चार वर्षांपूर्वी तिने नाताळला तेच आणले, डब्यातले वाटाणे, एका वाडग्यात, वर लोणी घालून. लोणी ही तिची स्वतःची भर. ताईने वाडग्यात डोकावून विचारले, डबा फोडून आणलास की काय. सून म्हणाली, "हो. आमच्याकडे नाताळला हेच असायचं."

ताई म्हणाली, "आमच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

मुलाने माझ्याकडे पाहिले. सुनेनेही पाहिले. मी खाली बघून ताटात कोबी वाढून घेतला. ताईने वाडगा उचलला आणि सिंकमध्ये उपडा केला. सून कोट घालून निघाली आणि मुलगा तिच्यामागे गेला.

दुसऱ्या दिवशी, सव्वीस तारखेला, माझ्याच सिंकचे पाणी जाईना. मी खाली आडवा झालो आणि वाकडा पाइप सोडवला. आयुष्यभर मी लोकांची घाण उपसली आहे, नाक मुरडले आहे, पण मला कधी ओकारी आली नव्हती. त्या दिवशी आली. वाटाणे सगळे आख्खे होते. ते खराब झालेले नव्हते, किळसवाणेही नव्हते. ओकारी मला माझी आली.

कलम ६. आता कबुली. ती मी पत्नीलाही दिली नव्हती.

मी नऊ वर्षांचा असताना वडिलांनी नाताळच्या जेवणाला त्यांच्या कचेरीतल्या साहेबांना सपत्नीक बोलावले होते. वडील आणि ताई प्रार्थनेला गेले होते. आई कपडे बदलायला आत गेली आणि जाताना मला म्हणाली, कोबी हलवत राहा. मी शेजारच्या नळाची तोटी खोलून आत काय असते ते पाहत बसलो. वास आला तेव्हा पातेले काळे पडले होते. दुसरा कोबी नव्हता, वेळही नव्हता आणि पाहुणे दारात होते. वडिलांच्या कमरेच्या पट्ट्याची मला चांगलीच ओळख होती. आईने माझ्या तोंडाकडे पाहिले. मग तिने तो जळका थर खरवडून वर पसरला, पातेले टेबलावर नेले आणि साहेबांच्या बायकोला हसत सांगितले, "आमच्याकडे असाच करतात. तळाला जरा लागू द्यायचा, त्याशिवाय चव येत नाही."

साहेबांच्या बायकोने कृती लिहून घेतली. वडिलांची छाती फुगली. पुढच्या वर्षी त्यांनी तोच कोबी मागितला आणि आईची पंचाईत झाली. खरे सांगावे तर पट्टा, न सांगावे तर कोबी. तिने कोबी निवडला. एका दिवसाच्या खोट्यापायी ती बत्तीस वर्षे दर नाताळला खिडकीकडे तोंड करून तो करपवत राहिली आणि मी एकदाही म्हणालो नाही की आई, पुरे आता.

तर हे आमचे घराणे. ना पिढ्या, ना परंपरा. एक घाबरलेला पोरगा आणि त्याला पाठीशी घालणारी आई. सुनेला पाठीशी घालायला त्या टेबलावर एक माणूस हवा होता, आणि तो मीच असायला हवा होतो.

कलम ७. हे घर, दोन खोल्या, मागची न्हाणी आणि स्वयंपाकघर, मी माझ्या सुनेच्या एकटीच्या नावे करतो. मुलाच्या नाही, तिच्याच. कोणी विचारले की कोणाकडे, तर तिला पत्ता सांगता यावा. मागच्या खोलीत ताईला हयातभर राहण्याचा हक्क आहे. तिला कोणी बाहेर काढू नये. तिचा स्वभाव वाईट आहे, पण जायला दुसरी जागा नाही. स्वयंपाकघरात मात्र सुनेचा शब्द शेवटचा.

कलम ८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मी आता विचार करतो की ते माझ्या सोयीचेच झाले, म्हणजे याही वेळी मला कोणाच्या तोंडाकडे पाहून बोलायला नको. हे चालणार नाही. म्हणून कलम ६ मी आत्ताच ताईला वाचून दाखवले. ती म्हणाली, खोटं आहे. गॅसकडे वळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग एवढी वर्षं आपण खाल्लं काय?" तिने गॅस बंद केलेला नाही. कोबी करपतोच आहे.

उद्या मी या टेबलावर जेवणार नाही. मुलाच्या घरी जाईन. त्यांनी बोलावलेले नाही. दार उघडले तर तेच कलम तिथे वाचेन.

वरील मजकूर मी शुद्धीवर लिहिला, पुन्हा वाचला, आणि तो माझाच आहे.

सही: निवृत्त प्लंबर
साक्षीदार पहिला: शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे. (यांनी सहीआधी खिडकी उघडायला लावली.)
साक्षीदार दुसरा: वरच्या मजल्यावरचे टपाल खात्यातले.
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: चोवीस डिसेंबर, दुपार

पुरवणी, दिनांक पंचवीस डिसेंबर. हिच्यावर साक्षीदार नाहीत, कारण टेबलावर बसलेल्या दोघांनाही माझ्याकडून काही ना काही मिळायचे आहे, आणि अशांची साक्ष चालत नाही. यात मालमत्तेचा बदलही नाही. फक्त घडले ते नोंदवतो. दार मुलाने उघडले. कलम ६ मी उभ्यानेच वाचले. सून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही काही नव्हतंच."

मी म्हणालो, नव्हतं.

तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि ताटात वाटाणे वाढले, एक पळी. मी ते एकेक करून खाल्ले.