दुसरं बत्तीस

मंगळवार, संध्याकाळ

रेवा, मी सांगते ते वहीत उतरव, पण आधी वार लिही. काल तोच विसरलीस, जेवण बरं आठवतं.

आज माझं डोकं तापलंय. तू रसायनाच्या पुस्तकातल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यातल्या ओळींची घरं मोजत होतीस: दोन, आठ, आठ, अठरा, अठरा, बत्तीस. मी म्हटलं, आता परत बत्तीस. कोलमच्या रांगोळीचे ठिपके जन्मभर घातलेत, जोडी कळते मला. तुझा बाप म्हणाला, "आई, अक्षर येत नाही तुला, पोरीला चुकीचं शिकवू नकोस. अठराच आहेत." त्या ओळीची खाली वेगळी छापलेली पट्टी मोजायला विसरला शहाणा! तू मोजलीस, बत्तीसच. तो पेपरात तोंड घालून बसला. चुकलो म्हणायला काय झालं होतं? शिकवू नकोस म्हणे.

उद्या त्याच्या डब्यात नुसता दहीभात पाठव. लोणचं माझ्याकडे येऊन मागू दे.